चाळीस सर्व्हर आणि प्रत्येकावर वेगळी लॉग परमिशन: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यातली एक मध्यम आकाराची कंपनी, पतसंस्था आणि छोट्या सहकारी बँकांसाठी सॉफ्टवेअर बनवते आणि होस्टिंगही स्वतःच बघते. ओळख पटेल असे तपशील बदललेत, बाकी जसं घडलं तसंच लिहितोय. विषय लॉग फाइलींच्या परमिशनचा आहे, म्हणजे सर्व्हर आपल्या घडामोडींची नोंद ज्या फाइलींत लिहितो त्या कोणी वाचायच्या आणि कोणी बदलायच्या याचा. मला यात बाहेरून बोलावलं होतं, तेसुद्धा गडबड होऊन गेल्यावर.

चाळीसेक लिनक्स सर्व्हर होते. बरेचसे उबंटू २२.०४ वर, आणि उरलेले रॉकी लिनक्स ८ वर, कारण डिसेंबर २०२१ मध्ये सेंटओएस ८ चा सपोर्ट संपला तेव्हा त्यांनी त्या मशीन तिकडे हलवल्या होत्या. ही सरमिसळ पुढे महत्त्वाची ठरते, कारण लॉग फाइलचा मालक कोण आणि ग्रुप कुठला याबद्दल या दोन घराण्यांच्या पद्धती मुळातच वेगळ्या आहेत. उबंटूवर आरसिसलॉग, म्हणजे सिस्टीमचे लॉग फाइलीत लिहिणारा प्रोग्राम, सुरू झाल्यावर रूटचे (सर्वाधिकारी युजरचे) अधिकार सोडून सिसलॉग नावाच्या युजरवर उतरतं, फाइली सिसलॉग युजरच्या आणि एडीएम ग्रुपच्या असतात, मोड ०६४० (शेवटचे तीन आकडे अनुक्रमे मालक, ग्रुप आणि इतरांची परवानगी सांगतात: वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १, त्यांची बेरीज). रॉकीवर मेसेजेस आणि सिक्युअर या लॉग फाइलींचा मालक रूट, ग्रुप रूट, मोड ०६००, म्हणजे ग्रुपलाही काही नाही, आणि हे आरसिसलॉगच्या कॉन्फिगमध्ये शोधून सापडत नाही कारण ते तिथे नाहीच, सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) यूमास्क ००६६, म्हणजे नवीन फाइल बनताना कुठल्या परवानग्या काढून टाकायच्या तो आकडा, लिहिलेलं असतं त्यातून येतं.

एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनचे (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे) निर्देश आले, सिस्टीमचे लॉग सलग १८० दिवस भारतातच ठेवा वगैरे, त्यानंतर कंपनीने एक सेंट्रल लॉग सर्व्हर उभा केला आणि प्रत्येक मशीनवर लॉग गोळा करणारा एजंट बसवला. एजंट कुठल्या युजरने चालवायचा हे कोणी एकदा बसून ठरवलंच नाही. काही मशीनवर तो रूट म्हणून चालत होता, काहींवर त्याचा स्वतःचा युजर होता आणि तो एडीएम ग्रुपमध्ये होता, आणि काहींवर लॉग फाइलच सगळ्या जगाला वाचता येतील अशा ठेवल्या होत्या म्हणून त्याचं काम भागत होतं. तिन्ही प्रकार वर्षभर बिनबोभाट चालले.

प्रॉब्लेम कसा समोर आला

ऑडिट झालं. ऑडिटरने दोन गोष्टी पकडल्या. एक, ॲप्लिकेशनच्या लॉग फाइली ०६६६ होत्या, म्हणजे मशीनवर ज्याचं अकाउंट आहे असा कोणीही त्या वाचू शकतो आणि बदलूही शकतो, आणि त्यात खातेदारांचे मोबाईल नंबर होते. दोन, काही उबंटू मशीनवर ऑथ डॉट लॉग (लॉगिनच्या नोंदींची फाइल) ०६४४ होता, काहींवर ०६४०, कॉन्फिग मात्र अक्षर न् अक्षर सारखं. ऑडिटरच्या वाक्याचा अर्थ असा होता की लॉग फाइलींवर इतरांना कसलीही परवानगी नको आणि ग्रुपला लिहिण्याची किंवा चालवण्याची नको. नीट वाचलं तर हे फक्त फाइलींबद्दल आहे.

टीममध्ये ते "सगळं ६४० करायचं" असं पोचलं.

शुक्रवारी संध्याकाळी सिनियर ॲडमिनने सगळ्या मशीनवर एकदम /व्हार/लॉग (लॉग जिथे राहतात ती डिरेक्टरी) वर रिकर्सिव्ह सीएचमॉड ६४० चालवला, म्हणजे आतल्या प्रत्येक गोष्टीचा मोड एका कमांडने ६४० केला. नंतर दहा-पंधरा मिनिटं बघितलं, सगळ्या सर्व्हिस चालू, लॉग येतायत, एजंट पाठवतोय, तिकीट बंद केलं. त्या पंधरा मिनिटांत खरंच काही बिघडलं नव्हतं, हे लक्षात घ्या, त्याने तपासणी केली नाही असं अजिबात नाही.

शनिवारी सकाळी सपोर्टच्या एका मुलीला एका पतसंस्थेची तक्रार बघायची होती, तिने लॉग उघडायला घेतला आणि ग्रुपवर मेसेज टाकला, "दादा, रात्री बारानंतर एकाही सर्व्हरवर ॲपचा लॉग दिसत नाहीये, माझ्याकडेच प्रॉब्लेम आहे का?" तोवर कोणाला पत्ता नव्हता. डॅशबोर्डवर एररची संख्या दाखवणारा आलेख होता आणि तो शून्यावर होता, त्यामुळे सगळं हिरवंगार दिसत होतं.

रात्री नेमकं काय झालं

इथे जरा थांबून सांगतो कारण अख्ख्या प्रकरणाचा जीव यातच आहे.

लिनक्समध्ये परमिशन तपासली जाते ती फाइल उघडताना. एकदा प्रोसेसने फाइल उघडली आणि तिच्या हातात डिस्क्रिप्टर, म्हणजे त्या उघड्या फाइलची पकड, आला की नंतर तुम्ही त्या फाइलचा मोड काहीही करा, ती लिहीतच राहते. माणूस घरात शिरल्यावर दाराचं कुलूप बदललं तर आत बसलेल्याला काही फरक पडत नाही, बाहेर जाऊन परत यायचं म्हटलं की पडतो. आणि लॉगच्या बाबतीत बाहेर जाऊन परत यायची वेळ ठरलेली असते, लॉगरोटेट, म्हणजे जुनी लॉग फाइल बाजूला करून नवीन सुरू करणारा प्रोग्राम. यांच्याकडे सगळं रोज मध्यरात्रीनंतर रोटेट व्हायचं.

दुसरी गोष्ट, डिरेक्टरीवरचा एक्झिक्यूट बिट. डिरेक्टरीवर त्याचा अर्थ आत शिरायची परवानगी असा आहे. रिकर्सिव्ह ६४० ने फाइलींबरोबर डिरेक्टऱ्याही ६४० झाल्या, म्हणजे रूट सोडून कोणालाच आत शिरता येईना. रूटला ही तपासणी लागत नाही म्हणून रूट म्हणून चालणाऱ्या गोष्टींना काही झालं नाही, आणि ॲडमिन स्वतः सुडो (कमांड रूट म्हणून चालवायची सोय) वापरून बघत होता त्यामुळे त्यालाही सगळं व्यवस्थित दिसत होतं.

मग मध्यरात्री प्रत्येक प्रोग्रामचं वेगवेगळं झालं.

आरसिसलॉग, उबंटूवर: लॉगरोटेटने जुनी फाइल बाजूला केली, नवीन रिकामी फाइल त्याच मालकी-मोडने बनवली, आणि आरसिसलॉगला सिग्नल दिला की फाइली बंद करून परत उघड. त्याने बंद केल्या. उघडायला गेला तर सिसलॉग युजरला डिरेक्टरीतच शिरता येईना. सकाळी सिसलॉग आणि ऑथ डॉट लॉग दोन्ही जागेवर होत्या, मालक बरोबर, मोड बरोबर, आकार शून्य बाइट. रॉकीवर आरसिसलॉग रूट म्हणून चालतो म्हणून तिथे त्याला काहीच झालं नाही.

एनजिनएक्स (वेब सर्व्हर): याची मुख्य प्रोसेस, मास्टर, रूट असते पण प्रत्यक्ष काम करणारे वर्कर नसतात, आणि रोटेशनच्या सिग्नलनंतर वर्कर स्वतः फाइल पुन्हा उघडायला जातात. त्यांना परवानगी नाकारली गेली. पण एनजिनएक्स अशा वेळी जुना डिस्क्रिप्टर सोडत नाही, त्यामुळे वर्कर रात्रभर लिहीत राहिले, फक्त नाव बदललेल्या जुन्या फाइलमध्ये, म्हणजे डॉट १ वाल्या. ती फाइल लगेच कॉम्प्रेस होत नव्हती म्हणून वाचली. वेब ॲक्सेसचा सगळा लॉग असा मिळाला.

जावा ॲप्लिकेशन: हे स्वतःच तारखेप्रमाणे नवीन फाइल बनवतं. बारा वाजता नवीन तारखेची फाइल उघडता आली नाही आणि लॉग लिहिणं तिथेच थांबलं. ॲप मस्त चालू, व्यवहार होतायत, नोंद मात्र कुठेच नाही.

याच्यात आणखी गोंधळ असा की रात्री अपडेटमुळे दोन उबंटू मशीन रीबूट झाल्या होत्या आणि त्यांच्यावर सिसलॉग चालू होता! टीमचा अर्धा तास त्यातच गेला की या दोघींवर असं वेगळं काय आहे. उबंटूचं आरसिसलॉग पॅकेज टीएमपीफाइल्सची एक छोटी फाइल आणतं, तिच्यात /व्हार/लॉग साठी ०७७५, रूट, सिसलॉग असं लिहिलेलं असतं, आणि ते प्रत्येक बूटला लागू होतं. म्हणजे रीबूटने वरची डिरेक्टरी आपोआप बरी झाली, आतल्या एनजिनएक्स, मायएसक्यूएल, ॲप वगैरे डिरेक्टऱ्या तशाच बिघडलेल्या राहिल्या.

पहिला निर्णय: आधी सावरायचं कसं

फोनवर पहिली सूचना आली ती म्हणजे "आत्ता ७७७ करून टाकू, सोमवारी बघू." मी याला ठाम नाही म्हटलं. ऑडिटचा मुद्दा तर आहेच, पण अजून एक कारण आहे. लॉगरोटेट स्वतः ही गोष्ट तपासतं, वरची डिरेक्टरी सगळ्यांना किंवा रूट सोडून दुसऱ्या ग्रुपला लिहिता येत असेल आणि कुठल्या युजरने काम करायचं ते सांगितलं नसेल तर ते असुरक्षित परमिशन म्हणून त्या फाइलचं रोटेशनच करत नाही. म्हणजे रॉकीवर सोमवारपर्यंत डिस्क भरायचा नवीन प्रॉब्लेम. उबंटूच्या मुख्य लॉगरोटेट कॉन्फिगमध्ये एसयू रूट एडीएम अशी ओळ असते ती याचसाठी, कारण त्यांची /व्हार/लॉग डिरेक्टरी सिसलॉग ग्रुपला लिहिता येते.

जुन्या परमिशनची नोंद कोणी घेतली नव्हती. पण स्टेजिंगच्या, म्हणजे चाचणीच्या, मशीनवर सीएचमॉड चाललाच नव्हता, आणि प्रत्येक प्रकारच्या मशीनचं एक स्टेजिंग भावंड होतं. तिथून गेटएफएसीएल या कमांडने पूर्ण झाडाची मालकी-परमिशन एका टेक्स्ट फाइलमध्ये घेतली, ती वाचून बघितली, आणि प्रॉडक्शनवर सेटएफएसीएलच्या रिस्टोअरने लावली. हे टूल एसीएल (साध्या मोडपलीकडे ठरावीक युजर-ग्रुपला दिलेल्या जादा परवानग्या) नसलेल्या मशीनवरही मालक, ग्रुप आणि साधे मोड सगळं परत लावतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. जिथे भावंडात नसलेल्या फाइली होत्या त्या हाताने बघितल्या. रॉकीवर आरपीएमला (पॅकेज बसवणाऱ्या टूलला) पॅकेजच्या मूळ परमिशन परत लावायला सांगता येतं, ते केलं, पण फक्त ज्या पॅकेजच्या डिरेक्टऱ्या लॉगमध्ये आहेत तेवढ्यांसाठीच, अख्ख्या सिस्टीमवर ते चालवलं की दुसरीकडचे खास बिट उडायची भीती असते. उबंटूच्या डीपीकेजी या तशाच टूलमध्ये असं काही नाही.

जर्नलच्या डिरेक्टरीकडे वेगळं बघावं लागलं. जर्नल म्हणजे सिस्टमडीचा, सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेचा, स्वतःचा लॉग, तो जर्नलडी लिहितं. तिच्यावर एडीएम ग्रुपसाठी एसीएल असतो, आणि एसीएल असलेल्या ठिकाणी सीएचमॉडचा मधला आकडा ग्रुपला लागत नाही, तो मास्कला, म्हणजे या परवानग्यांच्या कमाल मर्यादेला, लागतो. ६४० मुळे मास्क फक्त वाचण्यापुरता उरला आणि एडीएममधल्या लोकांना जर्नल दिसायचा बंद झाला, तर गेटएफएसीएलमध्ये एडीएमची ओळ जशीच्या तशी दिसत होती, फक्त शेजारी प्रभावी परवानगी कमी लिहिलेली. ती शेजारची टीप नजरेतून सुटली की माणूस तासभर चुकीच्या जागी शोधत बसतो.

दुपारपर्यंत सगळं लिहायला लागलं. सिसलॉग आणि ऑथचा रात्रीचा भाग उबंटूच्या जर्नलमधून काढता आला, जर्नलडी रूट म्हणून चालतं त्यामुळे ते अखंड होतं. एनजिनएक्सचा वर सांगितला तसा मिळाला. ॲपचा मात्र त्या रात्रीचा लॉग कुठेच नव्हता आणि तो आजही नाही.

दुसरा निर्णय: कायमचं उत्तर कुठलं

सोमवारी बसलो तेव्हा टेबलावर चार गोष्टी होत्या.

सगळ्यात लोकप्रिय पर्याय क्रॉन (ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी सोय), दर पाच मिनिटांनी फाइंड चालवायचं आणि जी फाइल चुकीची दिसेल ती दुरुस्त करायची, डिरेक्टऱ्या सोडून. दिसायला सोपं आहे आणि बऱ्याच कंपन्यांत हेच चालतं. माझा विरोध याला आहे कारण चुकीची फाइल बनत राहते आणि आपण मागून पुसत राहतो, मधली पाच मिनिटं ती उघडीच असते, आणि मुख्य म्हणजे कोणी नवीन सर्व्हिस बसवली की ती चुकीचं करतेय हे कधी कळतच नाही. शिवाय टीएमपीफाइल्स, ऑडिटडी (सुरक्षेच्या नोंदी लिहिणारा प्रोग्राम) हे आपापलं परत लावतात, म्हणजे दोन यंत्रणा एकाच फाइलवर कायम भांडणार.

एजंट सगळीकडे रूटने चालवायचा हा दुसरा. वाचायचा प्रश्न एका फटक्यात सुटतो. पण जो प्रोग्राम दिवसभर नेटवर्कवर बोलतो आणि अनोळखी मजकूर पार्स करतो त्याला रूट द्यायचा? कोणीतरी म्हणालं की रूट नको, फक्त वाचण्याची तपासणी ओलांडायची कॅपेबिलिटी देऊ. त्याने पासवर्डवाली शॅडो फाइलसुद्धा वाचता येते. आणि यातून ऑडिटचा मुद्दा सुटतच नाही, फाइली ०६६६ च्या ०६६६.

डिफॉल्ट एसीएल, म्हणजे /व्हार/लॉग वर एकदा लिहून ठेवायचं की इथे बनणारी प्रत्येक फाइल अमुक ग्रुपला वाचता येईल. मला सुरुवातीला हा बरा वाटला होता. पण टेस्टमध्ये अनपेक्षित गोष्ट दिसली, जो प्रोग्राम फाइल ०६०० ने बनवतो त्याच्या फाइलीत एसीएलची ओळ येते पण मास्क रिकामा असतो, त्यामुळे ग्रुपला काही मिळत नाही. म्हणजे जे आधीच ०६४० ने नीट बनवतात तिथेच हा चालतो. आणि बॅकअप परत आणताना एसीएलचा पर्याय द्यायला कोणी विसरलं की सगळं गेलं.

चौथा, जो निवडला: फाइल जो बनवतो त्याच्याच कॉन्फिगमध्ये मालक, ग्रुप आणि मोड ठरवायचा. काम जास्त, कारण बनवणारे अनेक आहेत. इन्फ्रा लीडला हे पटायला वेळ लागला, त्याचं म्हणणं होतं, "अहो, इतक्या ठिकाणी हात घालायचा म्हणजे उद्या परत कुठेतरी सुटणार." त्याचं म्हणणं रास्त होतं, म्हणून याला एक तपासणीही जोडली, ती खाली येते.

ग्रुपचा निर्णय वेगळा घ्यावा लागला. पहिला विचार होता की सगळं एडीएमला देऊ. पण उबंटूच्या क्लाउड इमेजमधला डिफॉल्ट युजर आधीच एडीएममध्ये असतो, आणि डेव्हलपरांना ॲपचा लॉग बघायला मिळावा म्हणून एडीएममध्ये घातलं की त्यांना ऑथचा लॉग आणि पूर्ण जर्नलही मिळतो. म्हणून सिस्टीमचे लॉग एडीएम, ॲपचे लॉग एका नवीन ग्रुपला. एजंट दोन्हीत, डेव्हलपर फक्त दुसऱ्यात.

काय काय बदललं

आधी ऑथ डॉट लॉगचं कोडं, ०६४४ आणि ०६४० वालं. आरसिसलॉगच्या कॉन्फिगमध्ये जुन्या पद्धतीने, डॉलर चिन्हाने सुरू होणारी फाइल-क्रिएट-मोडची ओळ जिथे येते तिथून पुढच्या सगळ्या फाइलींना लागू होते. मुख्य कॉन्फिगमध्ये ०६४० असतं, मग आरसिसलॉग डॉट डी मधल्या फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात. कोणीतरी कधीतरी १० ने सुरू होणारी एक फाइल टाकली होती, ॲपच्या एका लॉगसाठी, आणि तिच्यात वर ०६४४ लिहिलं होतं. त्यानंतर वाचल्या जाणाऱ्या ५० नंबरच्या डिफॉल्ट फाइललाही, जिच्यात ऑथ डॉट लॉग असतो, ते लागू झालं. मग जुन्या मशीनवर परिणाम का नाही? कारण हा मोड फाइल पहिल्यांदा बनतानाच लागतो, आणि रोटेशनच्या वेळी फाइल लॉगरोटेट बनवतं, जुनीचा मोड बघून. जुन्या मशीनवर ०६४० ची परंपरा चालू राहिली, ती फाइल टाकल्यानंतर उभ्या केलेल्या मशीनवर ०६४४ ची. उपाय म्हणून ती ओळ काढली आणि त्या एकाच लॉगसाठी नवीन पद्धतीच्या ॲक्शनमध्ये मोड, मालक, ग्रुप लिहिलं, ते तिच्यापुरतंच राहतं.

रॉकीवर युनिटचा यूमास्क ००२७ असा ओव्हरराइड केला आणि आरसिसलॉगमध्ये ग्रुप एडीएम, मोड ०६४० लिहिला. यूमास्क तसाच ठेवून नुसता मोड बदलला असता तर काहीही झालं नसतं, ०६४० मधून ००६६ वजा होऊन परत ०६००. ऑडिटडीच्या लॉगला हाताने हात लावायचा नाही असं ठरवलं, त्याच्या कॉन्फिगमध्ये लॉग ग्रुप एडीएम केला की ते स्वतःच डिरेक्टरी ०७५० आणि फाइल ०६४० करतं.

ॲपमध्ये ०६६६ का होतं तर सुरू करणाऱ्या जुन्या स्क्रिप्टमध्ये यूमास्क शून्य केलेला होता, डिप्लॉय करणारा युजर आणि चालवणारा युजर वेगळे होते आणि दोघांनाही त्या फाइलीत लिहायचं होतं म्हणून. ती स्क्रिप्ट काढून सिस्टमडीची युनिट लिहिली, यूमास्क ००२७, लॉग्ज-डिरेक्टरी, तिचा मोड ०७५०. इथे एक अडचण येणार होती. सिस्टमडी सर्व्हिस सुरू करताना ही डिरेक्टरी युनिटमधल्या युजर-ग्रुपच्या मालकीची आहे का बघतं आणि नसेल तर आतल्या सगळ्यासकट मालकी बदलून टाकतं. म्हणजे डिरेक्टरीचा ग्रुप हाताने नवीन लॉग-ग्रुप केला तर पुढच्या रीस्टार्टला तो उडणार. त्यामुळे युनिटमधला ग्रुपच तो नवीन ग्रुप केला. मग सेटजीआयडी (नवीन फाइलला डिरेक्टरीचाच ग्रुप देणारा बिट) वगैरेची गरजच उरली नाही.

लॉगरोटेटमध्ये जिथे जिथे नुसतं क्रिएट होतं तिथे मोड, मालक, ग्रुप स्पष्ट लिहिले, म्हणजे चुकीची परंपरा चालू राहायची शक्यता गेली.

आधीपासूनच्या फाइली एकदाच दुरुस्त केल्या, यावेळी आधी गेटएफएसीएलची प्रत घेऊन, आणि सीएचमॉडमध्ये आकडे न वापरता, मालकाला आरडब्ल्यू आणि मोठा एक्स, ग्रुपला आर आणि मोठा एक्स, इतरांना काही नाही. मोठा एक्स फक्त डिरेक्टरीला, किंवा ज्या फाइलवर आधीच कोणाचा तरी एक्झिक्यूट बिट आहे तिला लागतो. हे फक्त ॲपच्या आणि आपण नाव घेऊन ठरवलेल्या डिरेक्टऱ्यांवर चालवलं, पूर्ण /व्हार/लॉग वर नाही. डब्ल्यूटीएमपी, बीटीएमपी, लास्टलॉग या लॉगिनच्या नोंदींच्या फाइली, हे यूटीएमपी ग्रुपचे असतात, त्यांना तसंच ठेवलं आणि अपवाद म्हणून लिहून ठेवलं. शुक्रवारच्या ६४० ने डब्ल्यूटीएमपी बंद झाल्यामुळे साध्या युजरची लास्ट कमांडही बंद पडली होती, ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

पडताळणी

प्रत्येक प्रकारची एकच मशीन आधी घेतली. तिच्यावर लॉगरोटेट जबरदस्तीने चालवलं, सर्व्हिस रीस्टार्ट केल्या, मशीन रीबूट केली, आणि प्रत्येक वेळी सुडो न वापरता, एजंटच्या युजरने फाइलची पहिली ओळ वाचून बघितली आणि डेव्हलपरच्या युजरने ऑथ डॉट लॉग वाचता येत नाही ना तेही बघितलं. जिथे नाकारलं जाईल तिथे नेमआय मायनस एल, ते रूटपासून फाइलपर्यंत वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीची परमिशन एकाखाली एक दाखवतं आणि अडतंय कुठे ते लगेच दिसतं. लॉगरोटेटच्या ड्राय रनवर मी यासाठी विसंबत नाही, ते फाइलींना हात लावत नाही त्यामुळे नेमका हा बिघाड त्यात दिसतच नाही.

लीडच्या शंकेसाठी सगळ्या मशीनवर एकदम काम चालवणाऱ्या अ‍ॅन्सिबलमध्ये रोजची एक तपासणी टाकली. ती काहीही दुरुस्त करत नाही, फक्त ठरलेल्या यादीशी न जुळणारी फाइल दिसली की तिकीट उघडते. दुरुस्ती त्या फाइलला बनवणाऱ्या कॉन्फिगमध्ये माणसाने करायची.

निकाल

ऑडिटचे दोन्ही मुद्दे बंद झाले, यूटीएमपीवाले अपवाद लेखी कारणासह मान्य झाले. एजंट आता एकाही मशीनवर रूट नाही. रोजच्या तपासणीने पहिल्याच आठवड्यात एक बॅकअप स्क्रिप्ट पकडली जी स्वतःचा लॉग ०६४४ ने बनवत होती.

ॲपचा त्या रात्रीचा लॉग नसल्याचं कंपनीने ऑडिटरला लेखी कळवलं. यावर आत चर्चा झाली, सेंट्रल सर्व्हरवर ते कोणाला सहज दिसलं नसतं असंही एकाने सुचवलं, पण संचालकांनी सरळ सांगितलं की कळवा. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात चांगला निर्णय होता.

वेगळं काय करता आलं असतं

शुक्रवारचा बदल एका मशीनवर करून एक रोटेशन होऊ दिलं असतं तर शनिवारी सकाळी एकच मशीन बिघडलेली सापडली असती. पंधरा मिनिटं बघणं आणि एक रात्र जाऊ देणं यात लॉगच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अलर्ट एररच्या संख्येवर होता, लॉग येतोय की नाही यावर नव्हता. आता कुठल्याही मशीनकडून ठरावीक वेळ एकही ओळ आली नाही तर फोन वाजतो. हे आधी असतं तर रात्री साडेबारालाच कळलं असतं.

ऑडिटरचं मूळ वाक्य तिकिटात जसंच्या तसं चिकटवायला हवं होतं. "सगळं ६४०" हे त्याचं तोंडी रूप झालं आणि त्यात फाइल आणि डिरेक्टरी हा भेद गळाला.

आणि मोबाईल नंबर. त्यावर मी बैठकीत बराच वेळ बोललो कारण मला ते मनापासून खटकत होतं. परमिशन कितीही नीट केली तरी तो लॉग सेंट्रल सर्व्हरवर जातो, तिथे सपोर्टचे लोक बघतात, बॅकअपमध्ये जातो. ज्या खातेदाराचा नंबर आहे त्याला यातलं काही माहीत नसतं. नंबरचे शेवटचे चार आकडे सोडून बाकी झाकायचं काम ॲपच्या टीमने आता घेतलंय, मूळ यादीत ते तिसऱ्या टप्प्यात होतं, ते पहिल्या टप्प्यात असायला हवं होतं.

एक भाग अजून उघडा आहे. काही नवीन सर्व्हिस कंटेनरमध्ये, म्हणजे डॉकर नावाच्या टूलच्या बंदिस्त डब्यांत, चालतात आणि त्यांचे लॉग /व्हार/लॉग मध्ये येतच नाहीत, ते डॉकरच्या स्वतःच्या डिरेक्टरीत, रूटच्या मालकीचे पडतात. वरचे कुठलेच नियम तिथे लागू होत नाहीत आणि एजंटला तिथे शिरता येत नाही. सध्या त्या सर्व्हिसचे लॉग जर्नलडीकडे वळवून एडीएम ग्रुपमार्फत वाचायचं एका मशीनवर लावून बघतायत.